झाकणाने लागलं

४ जून, सकाळ
लग्नाला आठ दिवस झाले होते तेव्हा ही म्हणाली होती, ‘तू वस्तू वापरत नाहीस, त्यांच्याशी भांडतोस.’ न उघडणारी छत्री मी दाराच्या चौकटीवर आपटत होतो. छत्री उघडली नाही, पण मोडली. म्हणजे प्रश्न मिटला.

चौदा वर्षांनी हे आठवायचं कारण लीज कंपनीचं पत्र. गाडीची तीन वर्षं या महिनाअखेर संपतात. परत करून दुसरी लीजवर घ्या, नाहीतर हीच विकत घ्या. हिचं मत लीजच. म्हणे परत द्यायची असली की माणूस जपतो. मी म्हटलं, मी जपतोच, तीन वर्षांत एक अपघात दाखव. ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

६ जून
नव्या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह. शेजारी सेल्समन, गोड बोलणारा माणूस. चौकात एका स्कूटरवाल्याने आडवी घातली. मी फक्त उतरलो. फक्त कॉलर धरली. हेल्मेट त्याने स्वतः काढलं, त्यामुळे कानाखाली बसली ती त्याच्या जबाबदारीवर. नाकातून थोडं रक्त आलं. परत येऊन मी शांतपणे मायलेज विचारलं. सेल्समन म्हणाला, मला इथेच सोडा, माझी मावशी जवळच राहते. शोरूमने नंतर फोनही केला नाही. अशी सर्व्हिस असेल तर नवी गाडी नकोच.

संकल्प: राग आला की दहापर्यंत मोजणे. मला अवघड नाही. तक्रार विभागात अकरा वर्षं काढलीत. लोक फोनवर आईबहीण काढतात, मी नम्रपणे नोंद करून घेतो. ऑफिसात मला सगळे बर्फ म्हणतात.

८ जून
सिग्नल हिरवा झाला आणि पुढचा हलेना. मोजायला लागलो. चारपर्यंत गेलो. (चार काही कमी नाहीत.) मग डॅशबोर्डवर मूठ बसली, कप्प्याचं झाकण ताडकन उघडलं आणि हिच्या मनगटावर आदळलं. संध्याकाळपर्यंत सुजलं. मी नीट समजावलं, झाकणाने लागलं. त्याची खिट्टीच सैल आहे, कंपनीचा दोष.

ती म्हणाली, ‘आज झाकण होतं.’

तिला वाक्य अर्धवट सोडायची सवय आहे.

ठकी मागे गप्प. नऊ वर्षांची आहे, पण गाडीत तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. इतकी शहाणी मुलगी या पिढीत नाही.

९ जून
ही आणि ठकी मेव्हणीकडे गेल्या. चार दिवस बदल म्हणून. हिवाळ्यातले स्वेटरही नेलेत. त्या घरात गारवा असावा.

१२ जून
चार दिवसांचे किती दिवस होतात हे विचारायला फोन केला. उचलला नाही. रिमोट भिंतीवर लागला. (हातातून सुटून.) भिंत ठीक आहे.

१५ जून
लीज कंपनीचा तपासनीस आला. म्हातारा, सावकाश. हातात कागद, त्यावर गाडीचं चित्र. जिथे पोचा असेल तिथे फुली मारायची. बाहेरून दोन फेऱ्या मारल्या. एकही फुली नाही. मी त्याला तीन वर्षं अपघात नसल्याचं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि आत जाऊन बसला.

वीस मिनिटं बाहेर आला नाही.

कागदावर आतल्या पोच्यांसाठी जागाच नव्हती. त्याने उलट्या बाजूला हाताने गाडीच्या आतलं चित्र काढलं. डॅशबोर्डवर पाच फुल्या. हॉर्नवर एक. छतावर दोन. हिच्या बाजूच्या दारावर चार. मागे डावीकडच्या दारावर एक. माझ्या पाठीमागची जागा स्वच्छ. इथे कोण बसतं, त्याने विचारलं. मी सांगितलं, मुलगी. दुसरीकडे बसतच नाही, बापाची ओढ आहे.

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि डावा हात मागे फिरवून पाहिला. एकदा. पुन्हा एकदा.

‘हुशार आहे पोरगी,’ तो म्हणाला.

मी आभार मानले. वर्गातही तिचा दुसरा नंबर असतो.

१६ जून
निर्णय झाला. विकत घेतली. इतके दिवस उगाच घोळ घातला. गाडी आपली असली की कुणाचा म्हातारा कागद घेऊन येत नाही. फुल्या नाहीत, प्रश्न नाहीत. ऑफिसमधून तासभर लवकर निघून सह्या केल्या. हिला सरप्राइज द्यायचं.

१८ जून, रविवार
नव्याने आपली झालेली गाडी घेऊन दोघींना आणायला गेलो. हॉर्न दिला. साधारण सहा मिनिटं. मेव्हणीऐवजी साडू बाहेर आला. म्हणाला, बाबा, आधी खाली उतर, पाणी पी. असं बोलताना त्याने बॉनेटवर हात ठेवला.

माझ्या बॉनेटवर.

मी डिकीतून चाकाचा पाना काढला, तो फक्त दाखवायला. त्याने धरायला नको होता. झटापटीत त्याचा चष्मा गेला, भुवई फाटली, शर्टावर रक्त. मेव्हणी किंचाळायला लागली. माझा हेतू वाईट नाही हे कळावं म्हणून मी साडूला सोडून गाडीकडे वळलो. दोन्ही हेडलाइट, आरसा, मग पुढची काच. काच पहिल्या तीन घावांना ऐकत नाही. स्वतःची गाडी फोडणाऱ्या माणसाला कुणी हिंसक म्हणू शकत नाही. आपल्या मालकीचा फायदा हाच.

वर खिडकीत ठकी होती. मी हात हलवला. त्या हातात पाना होता हे नंतर लक्षात आलं. पडदा ओढला गेला.

१९ जून, दुपार
हिने स्वतःहून फोन केला. साडूला चार टाके पडलेत. तक्रार त्यांनी अजून केलेली नाही. आवाज थकलेला, चिडलेला नाही. मी गाडी विकत घेतल्याचं सांगितलं. ती म्हणाली, ठकी कॅलेंडरवर दिवस मोजत होती. तीस तारखेला गाडी परत जाणार म्हणून.

‘आता ती विचारते, म्हणजे कायमची का?’

मी म्हटलं, हो, कायमची. आनंदाने म्हटलं. मग मला माझाच आवाज ऐकू आला.

२० जून
गाडीत बसलो. पुढे काच नाही. डावा हात मागे फिरवून पाहिला. डावीकडच्या सीटवर पोचतो. माझ्या मागे नाही.

ऑफिसला गेलो नाही.

२३ जून
कंपनीला फोन केला, परत घ्या म्हणून. विकलेली गाडी परत घेत नाहीत, तिथली मुलगी फार नम्रपणे म्हणाली. मी ओरडलो नाही. मोजलंही नाही. ओरडायचं सुचलंच नाही.

गाडी खाली उभी आहे. शेजारच्यांनी काचेच्या जागी पोतं टाकलंय.

हिला मेसेज लिहिलाय. पहिल्यांदा त्यात झाकणाबद्दल होतं, पान्याबद्दल होतं, साडूने बॉनेटवर हात ठेवल्याबद्दल होतं. ते सगळं काढलं. मग दोन ओळी उरल्या. ती नाहीच म्हणेल. तिच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. तरी पाठवतोय.

‘सोमवारी ठकी शाळेत चालत जाईल तेव्हा समोरच्या फुटपाथवरून चालू का? ती म्हणेल तेवढं अंतर ठेवून, हात खिशात घालून?’