चारी कोपऱ्यांना कुंकू

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप आईस,

लांबूनच पाय धरतो. मी आणि दिपाली बरी आहोत. नवं घर गळत न्हाय.

फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हणून लिहितोय. इथं स्वतः घर बांधलं की सामानावर भरलेला कर सरकार परत देतं. आप्पांनी गावाकडं गुंजीत घर बांधताना सगळं चिठ्ठीवर भागवलं, इथं मात्र अर्जाला पक्की बिलं जोडावी लागतात. तू म्हणालीस, "सरकारी कागद हाय, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावल्याबिगर पाठवू नको." मी बोट भिजवून बावन्न बिलांना लावलं.

आई, बिलाची एकूण रक्कम खालच्या कोपऱ्यात असते.

गठ्ठा परत आला. कचेरीतल्या बाईंनी लिहिलं होतं, आकडे वाचता येत न्हाईत, आणि बांधकामावर कुणाला जखम झालती काय?

मग वीटवाल्यापासून कौलवाल्यापर्यंत सगळ्यांकडं बिलांच्या नकला मागत हिंडलो. दिपालीनं आठ दिवस अबोला धरला, पण तुझं नाव घेतलं न्हाय. आता बोलते. कर परवा परत मिळाला. फक्त दाराचा राहिला, ते दुकानच बंद पडलंय.

आप्पांचा गुडघा कसा हाय? त्यांच्यासाठी खोली खालीच काढलीय, जिना चढायला नको.

पासपोर्टचे कागद घेऊन बेळगावला कधी जाणार? त्यांना काही लावू नकोस. कुंकू जपून ठेव आणि इथं येऊन दाराला लाव.

तुझं सगळं ऐकणारा,
रविराज