मामंजी पडले त्याची हकिगत

दिल्ली कॅन्टोन्मेंट

तीर्थरूप आईंना,
अर्पिताचा वाकून नमस्कार.

फोनवर मामंजींनी काहीतरी अर्धवट सांगितलं असेल, म्हणून नीट लिहिते. काल ओल्या जिन्यात पाय घसरून ते उताणे पडले. घाबरू नका. डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला, हाडं शाबूत आहेत. फक्त तळहात लाल झालाय.

ही आपल्या राजनंदिनीची कृपा. तिच्या ज्युदोच्या क्लासमध्ये जिगोरो कानो या जपानी गुरूंचा फोटो आहे, मुली आधी त्याला वाकतात. ज्युदो त्यांनीच सुरू केला. त्यात दुसऱ्याला पाडायच्या आधी स्वतः पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची आणि हात जमिनीवर आपटायचा, म्हणजे डोकं वाचतं.

मामंजी जुने पैलवान, आधी चिडलेच. "आमच्या तालमीत पाठ टेकली की कुस्ती गेली, आणि हे पडायला शिकवतात?" पण नातीपुढे कोणाचं चालतं? रोज संध्याकाळी दोघं गादीवर पडत होते आणि मी हसत होते. काल जिन्यात तोच हात आपटल्याचा आवाज आला आणि माझ्या जिवात जीव आला.

यांना यातलं काही कळवलेलं नाही. सीमेवरच्या चौकीत नेटवर्क नसतं, बरेच दिवस बोलणं नाही. तुम्हाला फोन आला होता का? तुमचे गुडघे कसे आहेत?

मामंजी शेजारीच बसलेत. म्हणतात, "तुझ्या सासूला लिही, जन्मात पहिल्यांदा पाठ टेकली, पण कुस्ती मीच मारली."

तुमची,
अर्पिता