ऊठ की रत्ने

नांदेड, गुरुवार

चि. दयानंद यास,

ताईचा आशीर्वाद. यावेळी रागानं देऊन राहिले, तरी घे.

मी बरी हाय. नर्सिंगचा पेपर सोपा गेला, मेसचं जेवणही आता पचतं. फोन न करता पत्र लिहिते, कारण माझं बोलणं बी तू रेकॉर्ड करून टाकशील, जसं आईचं टाकलंस.

“ऊठ की रत्ने, पाव्हण्याला चहा द्यायचाय!” आख्खं नांदेड हेच बोलून राहिलं. होस्टेलात पोरी एकमेकींना असंच उठवतात. काल ऑटो बंद पडला, तर ड्रायव्हर इंजिनाला हेच म्हणला. सगळे हसले. मी उतरून पायी आले.

बाई म्हशीला चहासाठी उठवते, एवढंच लोकांना दिसतं. रत्ना मरणाला टेकली होती, तीन दिवसांपासून जागची हलली नव्हती, हे कुणाला दिसतं? आई तिची मान मांडीवर घेऊन बसली होती. बोलता बोलता ती रडायला लागली, नेमकं तेवढंच तू कापलंस. त्याच म्हशीच्या दुधावर वाढलास ना रे? शरम कशी न्हाई वाटली?

तो व्हिडिओ आजच्या आज काढ.

आईचा गुडघा कसाय? गोळ्या घेते का?

अन् तिला यातलं काही कळू देऊ नको. परवा फोनवर मला म्हणली, “उदगीरच्या बाजारात अनोळखी पोरं बी रत्नीचं नाव घेतात गं. लोकांचा लई जीव होता बघ तिच्यावर.”

तुझी ताई,
दीपमाला