मधल्या खोलीचा उजेड

४ मार्च, सोमवार

शिजतंय काहीतरी! मी चहा घेऊन गेले आणि सगळे गप्प. नकाशेवाली बाई बसलेली, टेबलावर मोठा कागद पसरलेला. सूनबाईंनी त्यावर चक्क वर्तमानपत्र टाकलं. "काही नाही हो आई, असंच." असंच! असंच कुणी नकाशे काढायला बाई बोलावतं?

५ मार्च

कळलं. मागच्या अंगणात एक खोली वाढवायचीय. वाढवा की! पण आमचं घर ओळीतलं. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड येणार तो पुढून नाहीतर मागून. मागे एकच खिडकी, ती माझ्या खोलीला. तिचंच म्हणे दार करायचं! म्हणजे माझी खोली मधली होणार. आत काळोख, आणि वर सगळ्यांचा जायचा-यायचा रस्ता. मी पलंगावर आडवी आणि माझ्या उशाशी बादल्यांची ये-जा.

हे गेले तेव्हापासून ती खिडकी आणि मी. सकाळचं ऊन उशीवर आलं की मी उठते, घड्याळ लावत नाही. सुखासुखी नाही सोडायची मी ती.

९ मार्च

लेकालाच विचारलं. म्हणाला, "आई, तुझ्या खोलीच्या स्लॅबला मोठा चौकोन पाडून काच बसवतो. खिडकीपेक्षा जास्त उजेड येईल बघ." किती गोड बोलावं! लहानपणापासून याची खोड. काही लपवायचं असलं की जिभेवर साखर.

हल्ली घरभर भिंतीवरून हात फिरवत हिंडतो. कुठली भिंत पाडायची, तेवढंच डोक्यात.

१० मार्च

डोकं पेटलंय माझं. दाराआडून ऐकलं — हो, ऐकलं! मग काय करू? नकाशेवाली सांगत होती, "उंबरे सगळे काढू, दारं रुंद करू. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारू, कमी दिसणाऱ्यांना बरं पडतं." आणि आमच्या सूनबाई, "आईंना इतक्यात काही बोलू नका हं."

कमी दिसणाऱ्यांना! मोतीबिंदू काढून घेतला मी, आता लख्ख दिसतं. या घरात सुईत दोरा मी ओवते, सूनबाई नाही. मला आंधळी ठरवून मोकळ्या! आज आंधळी, उद्या भ्रमिष्ट, परवा वृद्धाश्रम. सरळ हिशोब आहे.

११ मार्च

मुद्दाम सगळ्यांसमोर पेपर मोठ्यांदा वाचला. अगदी बारीक अक्षरातल्या जाहिरातीसुद्धा. लेक म्हणतो कसा, "वाच ना आई, बरं वाटतं. रोज वाचत जा." चेष्टा करतोय मेला!

२ एप्रिल

गवंडी आले. खिडकी काढली. मला बघवेना, शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले. रडले तिथे. काकू पाणी देता देता म्हणाल्या, "तुमचा मुलगा हल्ली ओळख दाखवत नाही हो. समोरून आला तरी सरळ निघून जातो." बायकोनं पढवलंय, दुसरं काय! स्कूटरही आता तीच चालवते, हा मुकाट मागे बसतो. पुरता मुठीत ठेवलाय.

माझा पोरगा असा नव्हता.

१९ एप्रिल

गवंड्याला म्हटलं, माझ्या दाराचा उंबरा तेवढा राहू दे. "साहेबांना विचारा." त्यालाही फितवलंय!

२० एप्रिल

साहेब स्वतःच त्या उंबऱ्याला अडखळून आडवे झाले. गुडघा फुटला. मी हळद घेऊन धावले, तर सूनबाई जमिनीवर बसून हमसाहमशी रडत होती. एवढ्याशा खरचटण्याला! नाटकं. उंबरा आजच काढा म्हणाली. आपल्या नवऱ्याचा धांदरटपणा, आणि राग माझ्या उंबऱ्यावर.

११ मे

काच बसली. खोटं कशाला बोलू, उजेड आहे. खिडकीच्या चौपट आहे. पण मी कौतुक केलं नाही.

१२ मे, रविवार

दुपारी वरून लखलखीत ऊन. चादरीवरचं फूल न् फूल उठून दिसत होतं, माझेच डोळे दिपले. लेक आला. पलंगाची कड चाचपत चाचपत माझ्याजवळ टेकला. बराच वेळ मान वर करून बसला होता.

"आई, आज आभाळ आलंय का गं?"

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. ती पिवळी पट्टी. ते उंबरे. तो भिंतीवरचा हात.

"हो रे," म्हटलं. "भरून आलंय."