खाडीकाठच्या केतकीबाबत

मी, किशोरी दयाराम नाखवा, वय एकोणीस, राहणार कोळीवाडा, पनवेल, हा कागद स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं जागेवर हाय. कोणी धमकावलं नाय, कोणी पढवलं नाय. याच्याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाय. आठवीनंतर एवढं मोठं काय लिहिलंच नाय.

परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची हाय. डॉक्टरांनी विचारलं, भीती वाटते का. मी मान हलवली. खरंच वाटत नाय. मासळीच्या बर्फात हात घालून ठेवला की बोटं कशी होतात, तशी मी सगळीच झालेय. म्हणून आत्ताच लिहिते. नंतर हात थरथरला तर लोक म्हणतील शुद्धीवर नव्हती.

१. मोरा बंदराच्या वाटेवर खाडीला लागून जी जागा हाय ती माझ्या एकटीच्या नावावर हाय. माझी आई शांती हिला ती तिच्या वडलांकडून आली. जायच्या आधी आईनं वाटणी केली. दादूसला होडी, मला जागा. दादूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ प्रितेश. होडी त्यानं पुढच्याच वर्षी विकली नि द्रोणागिरीला कंटेनरच्या गाडीवर ड्रायव्हर लागला. त्याबद्दल माझं काय म्हणणं नाय. होडी त्याची होती.

जागेच्या खाडीकडच्या अंगाला केतकीचं बन हाय. रस्त्याकडचं अंग मोकळं हाय. दोन्ही अंगं वेगवेगळी समजावीत.

२. केतकीचं बन मी रियाला देते. रिया माझ्या भामा आत्याची मुलगी. ती लहान हाय म्हणून मोठी होईपर्यंत पालक आत्या. अट एकच. रोकिया चाची जिवंत हाय तोवर तिला बनातली पानं कापायचा हक्क राहील, विचारायची गरज नाय.

रोकिया चाची कोण ते लिहायला पाहिजे. ती मोहल्ल्यात राहते. तिचा नवरा जहाजावर खानसामा होता, त्यानं तिला मलेशियातून, तेरेंगानूवरून, लग्न करून आणली. तिकडं आईला मक म्हणतात. तिला मूल नाय, मी तिला मक म्हणते. शाळेत वर्ग वरच्या मजल्यावर होता. जिना चढून मला इतकी धाप लागायची की हजेरीला आवाजच निघायचा नाय, नि बाई गैरहजर मांडायच्या. मग मी खरीच गैरहजर राहायला लागले. मकच्या ओट्यावर जाऊन बसायची. तिला मराठी कमी येते, मला बोलणं कमी येतं, म्हणून आमचं जमलं.

ती एकदा आमच्याबरोबर जागेवर आली नि केतकी बघून खालीच बसली. आमी ती फक्त गणपतीत केवड्यासाठी तोडायचो. ती म्हणाली, "हे माज्या घरी आहे. माज्या आईच्या घरामागे." तिच्या गावात बायका या पानांच्या चटया विणतात. तेव्हापासून मी तिच्याकडून शिकायला लागले.

३. माझा जांका रियाला. जांका म्हणजे लाकडाची मूठ नि तिला ओळीनं बसवलेली पाती. पान त्याच्यावरनं ओढलं की एकसारख्या पट्ट्या निघतात. हा मकनं तिकडून येताना कपड्यात गुंडाळून आणलेला. घासायची बांबूची पट्टी पण रियाला.

रिया, तुला सगळं येत नाय अजून, म्हणून लिहिते. पान लांब नि जून घ्यायचं. मधला कोंब कधी कापायचा नाय, झाड मरतं. काटे तिन्ही ओळींचे काढायचे, दोन्ही कडांचे नि मागच्या शिरेवरचे. मग जाळावरनं फिरवून मऊ करायचं, मग जांका, मग बांबूच्या पट्टीनं दाबून ओढायचं. मग गोड्या पाण्यात भिजवायचं, रोज पाणी बदलायचं. उन्हात पांढरं झालं की रंगात उकळायचं. विणायला मधून सुरुवात करायची, तिरपी. कडेपासून नाय. मक म्हणते, "हाताकडे नको बघू. पानाकडे बघ."

अर्धी राहिलेली चटई तूच पुरी कर. तिच्यातली नक्षी बकुळीच्या फुलाची हाय, तिकडं बुंगा तांजोंग म्हणतात. बिघडली तरी उसवू नको.

४. भामा आत्याला माझी दोन्ही नवी लुगडी नि माफी. माफी कशाची ते पण लिहिते. आत्यानं मदत करते म्हणून माझ्या पानांचा अख्खा भारा खाडीत बुडवून ठेवला. म्हणाली, "खाऱ्या पाण्यात कधी काय सडलंय का गो?" आमी कोळी, आमचं सगळं मिठावर टिकतं, तिचं काय चुकलं. पण मीठ पावसात पाणी ओढतं. त्या पानांची चटई पूर्ण पावसाळा ओली राहिली नि काळी पडली. मक हसून हसून रडली. आत्यानं मग त्या चटईवर सुकट वाळत घातली. आत्याला पालक नेमलंय, पण पानं भिजवायच्या कामात तिनं हात घालायचा नाय. हे कायदेशीर समजावं.

५. आता दादूसचं. त्याला एका गोडाऊनवाल्या पार्टीला सगळी जागा भाड्यानं द्यायची हाय. बन काढायचं, मुरूम टाकायचा, ट्रेलर उभे करायचे. वर्षभर हेच चाललंय. "तुला काय करायचंय गो जागेचं? चटया काय, प्लास्टिकच्या मिळतात." मी उत्तर द्यायची नाय, म्हणून त्याला वाटलं माझी हरकत नाय.

सोमवारी भेटायच्या वेळेला तो कागद घेऊन इथं वॉर्डात आला. म्हणाला फक्त सही कर, बाकी मी बघतो. मी म्हटलं, ऑपरेशन होऊन आले की बघू.

तो म्हणाला, "आनि नाय आलीस तर?"

मग चहा आणतो म्हणून गेला नि चहा न घेताच परत आला. कागद त्यानं घडी करून खिशात टाकला. मला राग आला नाय. वाईट पण वाटलं नाय. पण तो बरोबर बोलला. मी नाय आले तर जागा कोणाची, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, नि मग बन राहिलं नसतं. म्हणून हा कागद.

६. ~~रस्त्याकडचं मोकळं अंग मी दादूसला देते. तिथं त्यानं गाड्या लावाव्यात, भाड्यानं द्यावं, काय ते करावं.~~ (खोडलं. कारण शेवटी. कि. द. नाखवा)

७. बँकेत जे काय असेल ते बाबांना. मोबाईल पण बाबांना, त्यांचा फुटलाय. मी गेले तर माझ्या खाली चटई घालू नये. चटई जिवंत माणसांनी बसायला असते. हे सगळं नीट होतंय का ते बळीराम मामांनी बघावं.

८. वरचं सगळं आज दुपारपर्यंत लिहून झालं होतं. सहीला मामा यायचे होते, पण त्यांची गाडी वाटेत जासईला अडकली. तेवढ्यात दादूस पेज घेऊन आला नि त्यानं उशीजवळचा कागद उचलला. मी अडवलं नाय. आत्याचं वाचून तो हसला, म्हणाला हे बरोबर लिवलंस. मग पाचवं कलम वाचलं. मग सहावं.

वॉर्डच्या आशालता सिस्टरना त्यानं विचारलं, साक्षीदार मी चालतो का. सिस्टर म्हणाल्या, ज्याला कागदात काय मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, झाला तर त्याचं मिळणं जातं. तुमी मामांची वाट बघा.

"म्हणजे सही केली तर माझं जाईल?"

"जाईल."

"मग पेन द्या." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "रस्त्याकडनं वाट नको काय तिला? रिया बनात काय होडीनं उतरनार?"

म्हणून कलम सहा मी माझ्या हातानं खोडलं. रस्त्याकडचं अंग पण रियालाच. कोणी जबरदस्ती केली नाय. मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाय. पेज गरम होती. ती मी सगळी संपवली.

वाचून, समजून, दोघांच्या समोर सही केली.

सही : किशोरी दयाराम नाखवा

ठिकाण : पनवेल, हृदयाचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
तारीख : १३ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार :
१. प्रितेश दयाराम नाखवा, लिहिणारीचा भाऊ. मला या कागदात काही मिळत नाही.
२. आशालता पाटील, नर्स