शिरेकडची कड

गुरुवार, अमरावती

दादाच्या यकृतातल्या गाठीत सुई घालून ती तापवून जाळली, त्याला महिना झाला. आज स्कॅन मीच पाहिला. सुई जाड घेतली होती, वेळही वाढवून दिला होता. तरी शिरेकडची कड जिवंतच. शेजारून मोठी शीर जाते, तिचं वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं. दरवर्षी विद्यार्थ्यांना मीच शिकवते हे.

संध्याकाळी जेवताना त्याला सांगितलं. मला रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. काहीच आलं नाही.

शेतात गोवऱ्यांच्या विस्तवात सगळ्यांसाठी कणकेचे जाड रोडगे भाजणारा माणूस तो. म्हणाला, "वाऱ्याच्या बाजूनं रोडगा कच्चाच राहते, बाई. मंग पुन्हा इस्तवात घालाचा."

पण ती शिरेकडची कड... शीर तर वाहतच राहणार.

"हो दादा, घालू," म्हटलं आणि त्याला वरण वाढलं.