गळ्यातले ढग

प्रिय मॅविस,

परवा बाजारात तुझी जिलियन भेटली. गळ्याच्या ऑपरेशनला उन्हाळा उलटून गेला तरी आई कुणाला दार उघडत नाही म्हणाली. आवाज गेला तो गेला, आता माणसंही नकोत. "नॉर्मनकाका, तुम्ही तरी बघा हो," म्हणाली आणि उगाच बटाटे चाचपत बसली, डोळे दिसू नयेत म्हणून. मी तरी कुठे धडधाकट आहे? दोन जिने चढले की छातीचा भाता होतो. दिवसभर टीव्ही लावून, आवाज बंद करून खुर्चीत पडलेला असतो. जुनी खोड.

ही खोड लागली आपल्या गिरणीतल्या स्टुडिओत. गिरणी पाडली बरं का, मँचेस्टरात आता जिकडेतिकडे फ्लॅटच. मी मूळचा सुतार. ती निळी भिंत मीच उभारली, आणि कॅमेरावाल्याला कावीळ झाली म्हणून कॅमेराही माझ्याच गळ्यात पडला. तुझ्या गाण्याचा व्हिडिओ कसा करतात ते आपल्यात कुणाला ठाऊक होतं? आंधळ्याच्या गायी देव राखतो, तसं चाललेलं. तू भिंतीपुढे उभी राहायचीस, यंत्र निळं तेवढं गिळून त्या जागी आकाश बसवायचं. आणि त्या दिवशी तू तुझ्या आईनं विणलेला निळा मफलर गुंडाळून आलीस! गारठाच तसा होता. पडद्यावर बघतो तर खाली कोट, वर डोकं आणि मधे ढग चाललेले. "अरे, मॅविसचा गळा उडाला!" ड्रमवाला क्लाइव्ह बोंबलला. तू म्हणालीस, "उडू दे मेल्याला! गाणं टेपवर वाजतंय, गळा हवाय कुणाला?" मफलर काही काढला नाहीस. लोकांना वाटलं, काय यांची कल्पकता! मग जो तो निळं गुंडाळून यायला लागला.

चित्रांची कापाकापी मात्र माझ्या एकट्याकडे. तेच गाणं ऐकून डोकं उठायचं, म्हणून आवाज बंद ठेवायचो आणि तुझ्या ओठांवरून ओळ ओळखायचो. दोन कडव्यांच्या मधे तू भलतंच पुटपुटायचीस. "नॉर्मन, पाय गोठले रे." "नॉर्मन, चहा सांग." एकदा तिसरंच काही म्हणालीस. तेही कळलं होतं. पुढे तुझं लग्न झालं, माझंही झालं, दोघांचेही संसार चांगले झाले. असो.

जिलियन म्हणते, भोक दिसू नये म्हणून तू घरातही मफलर सोडत नाहीस. वेडे, तुझा गळा मी आरपार पाहिलाय, त्यातून ढग जाताना पाहिलेत. रविवारी दुपारी येतोय. तुझे जिने बसत-उठत चढेन, दारापर्यंत पोचायला वेळ लागेल, तेवढ्यात कडी काढून ठेव. लिहून बोलायला लेकीनं आणून दिलेली ती पाटी मात्र समोर धरू नकोस. नुसते ओठ हलव, पूर्वीसारखे. मला वाचता येतं.

तुझाच,
नॉर्मन